अंगठा वर

सध्या आमच्याकडे पुढच्या फेब्रुवारीची बोलणी चालू आहेत. परत अंदमान, परत डायव्हिंग आणि अर्थातच परत एक्सेल शीट (या माणसाला सुट्टीसुद्धा शीटशिवाय सुचत नाही, हे बायकोचं मत. बरोबर आहे.) मागच्या वेळची शीट उघडून बसलो, तर त्यात एक चौकोन पिवळाधमक रंगवलेला दिसला. तो बघून मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं. का, ते सांगतो. कुणाला अशी ट्रिप आखायची असेल तर त्यालाही थोडा उपयोग होईल.

गोष्ट 2023 च्या फेब्रुवारीची, हॅवलॉक बेटावरची. (बेटाचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. पण तोंडात जुनीच नावं बसलीयेत, तेवढं चालवून घ्या.)

पात्रपरिचय आधी करून देतो, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण त्यातच आहे.

एक मी. 2011 मध्ये हॅवलॉकलाच शिकलो. तेव्हापासून सुट्ट्या जुळतील तशा 38 डाइव्ह, आणि खिशात 'ॲडव्हान्स्ड'चं कार्ड. म्हणजे 30 मीटरपर्यंत जायची मुभा.

दोन, ऑफिसातला मित्र. टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा त्याचा स्वभावही आणि पगारही. सिंगापूरला ऑनसाइट असताना जमेल त्या वीकेंडला मलेशियातल्या तिओमान बेटावर जाऊन बुड्या मारायचा. शंभरावर डाइव्ह झाल्यात.

तीन, मेहुणा. सहा वर्षांपूर्वी मित्रांबरोबर थायलंडला गेला होता, तिथे कोह ताओ बेटावर 'ओपन वॉटर'चा कोर्स केला. मर्यादा 18 मीटर. त्यानंतर लग्न, होम लोन, कोविड. डाइव्ह शून्य.

चार, बायको. सोसायटीच्या तलावात रोज पोहते. समुद्राखालचा अनुभव एकच, मालवणला. तिथे माणूस आपल्याला धरून खाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. तिला आता कोणी न धरता जायचं होतं.

पाच, मेहुण्याची बायको. लहानपणापासून दमा, आणि पाण्याखाली जायची इच्छा अजिबात नाही. तिला समुद्र हवा होता तो किनाऱ्यावरून, हातात पुस्तक घेऊन.

मी जी पहिली शीट बनवली ती मोठी देखणी होती. बायकोचा कोर्स, मेहुण्याचा सराव, पाचव्या दिवशी सगळे मिळून डिक्सन्स पिनॅकल. सहाव्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत शेवटची डाइव्ह, मग संध्याकाळची बोट पकडून पोर्ट ब्लेअर, सातव्या दिवशी सकाळी सातचं विमान. एक तास वाया नाही! टेस्टरला पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं, "तीन बग. पहिला बग शोस्टॉपर."

पहिला बग विमानाचा. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलात तर केबिनमधला दाब कमी असतो, आणि तोच नायट्रोजन सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुडे करू शकतो. म्हणून एकच साधी डाइव्ह केली असेल तर निदान 12 तास, आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर निदान 18 तास विमान नको, असा नियम आहे. माझ्या शीटमध्ये साडेसोळा तास होते. तेव्हा अशी ट्रिप उलटीकडून आखायची. आधी परतीचं विमान मांडायचं, मग त्याच्या आधीचा एक अख्खा कोरडा दिवस, मग बाकीचं. हा कोरडा दिवस वाया जात नाही. वारा सुटून बोट रद्द झाली तर तोच कामाला येतो.

दुसरा बग मेहुण्याचं कार्ड. "कार्ड एक्सपायर होत नाही रे, पण माणूस होतो," इति टेस्टर. सहा वर्षांत मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढायचं कसं, रेग्युलेटर तोंडातून सुटला तर परत शोधायचा कसा, हे हात विसरलेले असतात. म्हणून आधी उथळ पाण्यात रिफ्रेशर आणि मगच बोट.

तिसरा बग "सगळे मिळून" या दोन शब्दांत. डिक्सन्स पिनॅकल म्हणजे समुद्रात बुडालेले तीन सुळके. त्यांचा माथाच मुळात साधारण 16 ते 18 मीटरवर, आणि पायथा तिशीच्या पलीकडे. म्हणजे 'ओपन वॉटर'वाल्याची मर्यादा जिथे संपते तिथे ही जागा सुरू होते. कार्डावरची शाई न वाळलेली बायको माथ्यावर घिरट्या घालणार आणि आम्ही दोघं खाली जाणार. यात मिळून काय आहे?

शिवाय हवेचं गणित. हे मला माहीत होतं, पण मांडून कधी पाहिलं नव्हतं. समुद्रात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे 20 मीटरवर दाब तिप्पट, आणि प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. टाकी 11 लिटरची, 200 बारला भरलेली, म्हणजे 2200 लिटर हवा. त्यातली 50 बार राखीव धरली की उरतात 1650. निवांत श्वास घेणाऱ्याला पृष्ठभागावर मिनिटाला 15 लिटर लागत असतील तर 20 मीटरवर 45, म्हणजे साधारण 36 मिनिटं. धास्तावलेल्या माणसाला 25 लागत असतील तर खाली 75, म्हणजे 22 मिनिटं. आणि जोडीतला एक वर निघाला की दुसऱ्यानेही निघायचं असतं. मग अनुभवी माणूस घड्याळाकडे बघतो, आणि नवखा त्या अनुभवी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत अजून जोरात श्वास घेतो.

तर दुसरी शीट. सगळे मिळून नाश्ता आणि सगळे मिळून रात्रीचं जेवण, मधलं पाणी ज्याचं त्याचं. बायकोने थिअरी पुण्यातच ऑनलाइन उरकली आणि सुरुवातीचे धडे इथल्याच तलावात गिरवले, म्हणजे तिकडे समुद्रातल्या चार डाइव्ह दोन दिवसांत बसतात. मेडिकल फॉर्म सगळ्यांना महिनाभर आधी वाटले (एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की डॉक्टरची सही लागू शकते, आणि ती बोटीवर मिळत नाही). टेस्टर इतर अनुभवी लोकांच्या बोटीवर. मेहुण्याच्या बायकोला खोली किनाऱ्यालगतची. शीट पास झाली.

पण एक चौकोन मी कुणालाच तपासायला दिला नाही. पाचवा दिवस : 'मी + मेहुणा, द वॉल, 18 मी.' पिवळा रंग. ती माझी हौस होती.

हॅवलॉकला पोचलो आणि सगळं शीटबरहुकूम चाललं. मेहुण्याचा रिफ्रेशर चांगला झाला. चौथ्या दिवशी लाइटहाउस नावाच्या उथळ जागी आम्ही दोघांनी दोन डाइव्ह केल्या. खाली वाळू दिसते, वर उजेड दिसतो, गडी खूश. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "दाजी, उद्या परत लाइटहाउसलाच गेलो तर?"

मी म्हणालो, "अरे, एवढ्या लांब येऊन तेच तेच काय? झेपेल तुला."

"बरं," म्हणाला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आमचं सासर कराडचं. तिथे दाजींना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. मी वाढलेला भात तो नको असताना खातो, हे मी दहा वर्षं बघतोय. तरी त्या 'बरं'चा अर्थ मी होकार असा घेतला.

द वॉल हा पाण्याखालचा कडा. वरचा भाग दहा-बारा मीटरवर आहे, आणि तिथून कडा खाली उतरत जातो तो तळ दिसेनासा होईपर्यंत. एका बाजूला प्रवाळ आणि मासे, दुसऱ्या बाजूला नुसता निळा रंग. मला तो निळा रंग फार आवडतो. गाईड पुढे, मागे आम्ही दोघं. 14 मीटरवर मी मेहुण्याकडे वळून पाहिलं, तर त्याने अंगठा वर केला.

डायव्हिंगमध्ये 'ठीक आहे' म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, तर 'वर चला'. नवखे लोक हमखास इथे चुकतात. मला वाटलं, सहा वर्षांनी आलाय, विसरला बिचारा, मस्त म्हणतोय. मी कौतुकाने गोल करून दाखवला आणि कड्यावरचा मासा दाखवायला लागलो.

त्याने परत अंगठा वर केला. मी परत गोल.

तिसऱ्यांदा त्याने आख्खा हात वर-खाली हलवला, आणि तेव्हा मला मास्कमागचे त्याचे डोळे दिसले. माझ्या आधी गाईडला दिसले होते. तो दोन हातांत येऊन पोचला, त्याने स्वतःचा अंगठा वर करून 'कळलं' असं उत्तर दिलं, मेहुण्याचा दंड धरला आणि आम्ही सावकाश वर निघालो. 5 मीटरवर नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबलो. एवढी लांब तीन मिनिटं मी कधी काढली नाहीत.

सगळं मिळून अर्धा मिनिट गेला असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात काय काय होऊ शकलं असतं हे मला पुस्तकातून पाठ आहे. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर सुटला तर छातीतली हवा फुगत जाते. नुसत्या 10 मीटरवरून वर येतानाच ती दुप्पट होते. फुप्फुसं फाटू शकतात. तो सुटला नाही. जोडीदाराला सोडायचं नाही हा नियम त्याला आठवत होता. खुणाही सगळ्या नीट आठवत होत्या. त्याची खूण चुकली असणार असं मी धरून चाललो, कारण कोण नवखा आणि कोण अनुभवी हे माझ्या शीटमध्ये लिहिलेलं होतं.

बोटीवर मी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही दाजी. खाली तळ दिसेना. वर यायचं होतं."

बस. डायव्हिंगमधला हा नियम कोर्समध्ये पहिल्यापासून शिकवतात : कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह रद्द करू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. आणि मी काय केलं? बोटीवर आल्या आल्या कारणच विचारलं.

संध्याकाळी टेस्टर डिक्सनहून आला. त्याला सगळं सांगितलं. नेहमीप्रमाणे काहीतरी खवचट बोलेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "त्याने काल रात्रीच अंगठा वर केला होता की. जेवताना."

त्याच दिवशी बायकोची चौथी डाइव्ह झाली आणि कार्ड पक्कं झालं. सहावा दिवस कोरडा होता. सगळे समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलो, मेहुण्याची बायकोसुद्धा. ट्रिपमधला सगळ्यात छान दिवस कुठला, तर सगळ्यांचं मत हाच. त्या दिवशी मी मेहुण्याची माफी मागितली. तो इतका संकोचला की मलाच वाटलं, उगाच मागितली. पण मागायला हवी होती.

तर आता नवी शीट. विमान, कोरडा दिवस, मेडिकल फॉर्म, रिफ्रेशर, हवेप्रमाणे लावलेल्या जोड्या हे सगळं आहेच. बदल दोन. पहिला, मेहुण्याचा जोडीदार मी नाही, टेस्टर. त्याला 'नाही' म्हणताना मेहुण्याला काही वाटत नाही. दुसरा, रोज रात्री दुसऱ्या दिवशीची जागा ठरवताना आधी सगळ्यात कमी डाइव्ह झालेल्याने बोलायचं आणि मी सगळ्यात शेवटी. ऑफिसातल्या मीटिंगमध्येही हे करून बघतोय. तिथे अजून फारसं जमलेलं नाही :-)

काल शीट सगळ्यांना पाठवली. मेहुण्याचा लगेच मेसेज आला, "दाजी, पहिले दोन दिवस लाइटहाउसच ठेवा. द वॉल नको."

उत्तरादाखल मी अंगठा पाठवणार होतो. मग थांबलो, आणि बोटांचा गोल पाठवला.