वळवाच्या आधी

वैशाखातील दुपार कलते आणि मराठवाड्याच्या माळावर वारा एकाएकी पडतो. झाडाचे पान हालत नाही. क्षितिजावर काळ्या ढगाचा माथा वर चढू लागतो आणि गावातील जाणती माणसे म्हणतात, "आज वळीव येणार!"

वळवाची वाट सारेच पाहत असतात. त्याच्या सरींनी तापलेली भुई निवते, मातीचा गंध दरवळतो. परंतु हा पाहुणा एकटा येत नाही. वावटळ, गारा आणि वीज असा त्याचा लवाजमा असतो. म्हणून शहाणे घर तो दारात येण्यापूर्वीच जागे होते.

चैत्रातच घरधनी छपराचे पत्रे घट्ट बसवून घेतो, पन्हाळीतील पालापाचोळा काढतो, घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या तोडतो. घरधनीण विजेरी हाताशी ठेवते, पिण्याचे पाणी भरून ठेवते. ढग दिसू लागताच दूरदर्शन संच व पंखा यांच्या पिना काढल्या जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. तीही घरातील मुले पाहून ठेवतात.

सर्वांत आधी आठवण होते ती बांधावरच्या आंब्याखाली बांधलेल्या बैलांची. उंच झाडावर वीज पडली, की ती मुळांवाटे भोवतालच्या जमिनीत पसरते. गुरांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे जमिनीतील प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. म्हणूनच एका झाडाखाली अनेक गुरे एकाच वेळी दगावतात. झाडाचा आसरा माणसालाही तितकाच घातक ठरतो.

वीज चमकते ती तत्क्षणी दिसते. तिचा आवाज मात्र तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर चालतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आली, असे समजावे. मग शेतातील माणसाने पक्क्या घराची किंवा बंद मोटारीची वाट धरावी. घरातही नळाला, तारेला हात लावू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटे बाहेर पडू नये.

खरी कसोटी लागते ती याच वेळी. माळवदावर कुरडया वाळत असतात, अंगणात कांद्याचा ढीग उघडा असतो. महिनाभराचे कष्ट डोळ्यांदेखत भिजू लागले, की कुणाचाही पाय उंबऱ्याबाहेर पडू पाहतो. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचा हात धरावा. कुरडया पुन्हा घालता येतात, कांदाही पुन्हा पिकतो; गेलेले माणूस मात्र परत येत नाही.

एवढे करूनही कुणावर वीज पडलीच, तर भिऊन दूर उभे राहू नये. त्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला स्पर्श केल्याने धक्का बसत नाही. त्याला त्वरित सुरक्षित जागी न्यावे, श्वास थांबला असल्यास जाणकाराने कृत्रिम श्वास व छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सायंकाळी ढग पांगतात. न्हालेल्या माळावर पाखरे उतरतात. ज्या घरात सारी माणसे आणि सारी गुरे सुखरूप असतात, त्या घरालाच ओल्या मातीचा गंध खऱ्या अर्थाने गोड लागतो.