चौकटीबाहेर गेलेला शब्द

टीव्हीवर बातमीखाली दिसणारी पट्टी पडद्यापर्यंत पोचवणं हे माझं काम. पट्टी एकच, वाटा अनेक. प्रक्षेपणासाठी तिचे दोन सिग्नल निघतात. 'फिल'मध्ये रंग आणि अक्षरं असतात. 'की' हे काळं-पांढरं चित्र. पट्टी कुठे दिसावी आणि कुठे मागचं दृश्य, ते स्विचरला त्यावरून कळतं. स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनला 'की' लागत नाही. मोबाइलला उभं चित्र लागतं.

स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने घडवलेल्या 'कॅस्परसीजी'त प्रत्येक आउटपुटसाठी वेगळा चॅनल मांडता येतो. एका चॅनलचं चित्र जसंच्या तसं दुसऱ्याकडे वळवताही येतं. घाईत हाच सोपा मार्ग धरला जातो.

पण १९२० बाय १०८०च्या चित्रातून मोबाइलसाठी मधला उभा तुकडा कापला, की रुंदीचे जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात. फोटो आणि नाव मधोमध असलं तर राहतं; कडेचा 'आरोप' हा शब्द जातो. टीव्हीवरचा संशयित मोबाइलवर गुन्हेगार होतो. ते नाव माझ्या मोहल्ल्यातलं असू शकतं, तुमच्या वाडीतलंही. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, तरी तो तुकडा फिरतच राहतो.

म्हणून उभ्या आउटपुटसाठी मी वेगळं टेम्प्लेट ठेवतो. त्यात 'आरोप' नावाच्या थेट वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत येतो. यात थोडा वेळ जातो. जाऊ दे. कुणाची अब्रू जाण्यापेक्षा ते बरं.