सुरुवातीचा आकडा

मी शिरूरला शिकवतो, घर मात्र दौंडला. मागच्या दिवाळीआधी आईला फोन आला, "मावशी, बँकेतून बोलतोय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." तिनं सांगितला. पेन्शनचे 18,000 रुपये गेले. रात्रभर ती एकच म्हणत होती, "अरे, सहाच तर आकडे, त्यात काय एवढं असतं?"

तो प्रश्न मी नववीच्या वर्गात नेला. एक साधा नियम घेतला: संख्या घ्या, तिला (1 वजा तीच संख्या) ने गुणा, आणि आलेल्याला 4 ने गुणा. उत्तरावर परत तेच करा. डावीकडच्या मुलांनी 0.4 घेतला, उजवीकडच्यांनी 0.401. पहिलं उत्तर दोघांचं जवळपास 0.96. नवव्या वेळी मात्र एकीकडे 0.919, दुसरीकडे 0.474! एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं चुकलं का?" चुकलं नव्हतं. हाच केऑस, म्हणजे कोलाहल सिद्धांत. 1961 मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात 0.506127 ऐवजी 0.506 भरलं, आणि पुढचं सगळं हवामानच बदललं.

आता यातून गुप्त संदेश कसा होतो बघा. येणाऱ्या आकड्यांइतकी अक्षरं पुढे सरकवायची. ज्याला सुरुवातीचा आकडा ठाऊक, तो तेच आकडे काढून अक्षरं मागे आणतो. हजारांशानं चुकला, तर काही अक्षरांनंतर नुसती खिचडी. 2005 मध्ये अथेन्स शहरात 120 किलोमीटर ऑप्टिकल फायबरमधून लेझरच्या अशाच कोलाहलात लपवलेला संदेश पाठवून दाखवला गेला.

मग बँका हेच वापरतात का? नाही. संगणक ठरावीक दशांशस्थळंच ठेवतो, त्यामुळे आकडे कधीतरी पुन्हा तेच येऊ लागतात. म्हणून 2001 पासून प्रमाण मानलेली, जगभर तपासलेली एईएस ही पद्धत सर्रास चालते.

पण पद्धत कुठलीही असो, किल्ली गुप्त राहिली तरच कुलूप. आईचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं, किल्लीच मागून नेली होती. हे समजावल्यावर ती म्हणाली, "म्हणजे गणित पक्कं होतं, मीच भोळी." मी म्हटलं, "भोळी नाही गं, तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

तुम्ही सांगा. आज घरी आजी-आजोबांना कॅल्क्युलेटरवर हा खेळ दाखवा, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करायचा, हे फोनच्या मागे चिकटवून ठेवा.