खुंटी पिळण्याआधी

आम्ही दोघे भाऊ मिरजेचे. थोरल्याने शाळेत विज्ञान शिकवले आणि तो निवृत्त झाला. धाकट्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. अब्बा ऐंशीच्या पुढे गेले, पण कान शाबूत आहेत. त्यांची सारी हयात सतारी आणि तंबोरे जुळवण्यात गेली. मिरजेचे हे काम मूळच्या शिकलगारांचे. तलवारींची गरज संपली तशी त्यांच्या हातात वाद्ये आली, असे आमच्याकडे सांगतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, "कागद मिल्या, अच्छा हुआ. अब कान भी मिलने दो."

अशा घरात धाकट्याच्या मुलाने एके दिवशी जाजमावर ड्रोनचे सुटे भाग मांडले. पोरगा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. परदेशातून तयार ड्रोन आणण्यावर 2022 च्या फेब्रुवारीत सरकारने बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. त्यामुळे हौशी पोरे भाग मागवून घरीच जुळणी करू लागली. एफ-450 नावाचा चार हातांचा प्लॅस्टिकचा सांगाडा, चार मोटारी, प्रत्येक मोटारीचा वेग सांभाळणारा एकेक ईएससी, मध्ये एपीएम नावाचा बोर्ड आणि हातात फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलचा रिमोट. बोर्ड जुना, कुणीतरी वापरून विकलेला. पोराने साठवलेल्या पैशांत एवढेच बसत होते.

अब्बांनी चष्मा वर करून विचारले, "उड्या तो उड्या. मगर ये बात किससे करता?"

"रिमोटसे, दादा."

"और बाजूवाले का रिमोट चालू हुआ तो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हे सगळे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. घरातले वायफायही तिथेच. मग त्या गर्दीत ड्रोनने कुणाचे ऐकायचे? त्यासाठी आधी दोघांची ओळख करून द्यावी लागते. पोरे तिला 'बाइंड करणे' म्हणतात. ड्रोनवरच्या रिसीव्हरच्या एका खाचेत छोटी वायर अडकवायची आणि त्याला वीज द्यायची. त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागतो. मग रिमोटवरचे बाइंडचे बटण दाबून धरायचे आणि ते तसेच धरून रिमोट चालू करायचा. रिमोट आपली ओळख पाठवतो, रिसीव्हर ती जपून ठेवतो आणि दिव्याची लुकलुक मंद होते. वायर काढून पुन्हा वीज दिली की दिवा स्थिर जळतो. त्यानंतर शेजारी दहा रिमोट चालू असले तरी हा आपल्याच रिमोटचे ऐकतो.

अब्बा हसले. "कबूल है बोल्या बोलके समझो."

बायकाही हसल्या. पण पुढे आम्हांला कळले की कबूल म्हणणे सोपे असते, जुळवून घ्यायला वेळ लागतो.

ओळख पटली म्हणजे एकमेकांचे बोलणे समजले असे नव्हे. रिमोटची कांडी मध्यावर आहे, असे आपल्याला दिसते, पण बोर्डाला ते आकड्यांत कळावे लागते. संगणकावर मिशन प्लॅनर उघडून पोराने दोन्ही कांड्या चारी कोपऱ्यांत फिरवल्या. पडद्यावरचे हिरवे पट्टे खाली हजाराच्या आसपास, वर दोन हजाराच्या आसपास आणि मध्ये दीड हजारावर आले. इथून इथपर्यंत माझा हात जातो, हे बोर्डाला सांगून झाले.

मग सपाटीची पाळी. बोर्डात उतार ओळखणारा संवेदक असतो. त्याला सहा स्थिती दाखवाव्या लागतात : सरळ, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, नाक खाली, नाक वर आणि पालथा. पोराने ड्रोन फरशीवर ठेवून एकेक स्थिती नोंदवली. सगळे पार पडले. पण संध्याकाळी थोरल्याच्या लक्षात आले की आमच्या जुन्या घराची शहाबादी फरशी मोरीकडे उतरती आहे. पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम तशी घातलेली. आम्ही बिचाऱ्या बोर्डाला मोरीचा उतार हीच सपाटी म्हणून शिकवले होते. तो मनापासून तसाच उडाला असता, आणि आम्ही त्यालाच दोष दिला असता. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गवंड्याकडून पाणसळ आणली, अब्बांच्या कामाच्या पाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून पाट समतल केला आणि सहाही स्थिती पुन्हा नोंदवल्या.

कुतुबनुम्याने, म्हणजे होकायंत्राने, आणखी दमवले. ड्रोनच्या डोक्यावर छोट्या काठीवर जीपीएसचा गोल डबा असतो, त्यातच होकायंत्र असते. खालच्या तारांतून मोठा वीजप्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकत्वाचा त्रास होऊ नये म्हणून ते उंच ठेवतात. ते जुळवायला ड्रोन हातात घेऊन सगळ्या अंगांनी गोल फिरवावे लागते. आम्ही गच्चीवर फिरवले आणि चूक आली. पुन्हा फिरवले, पुन्हा चूक. तेव्हा अब्बांना जुनी गोष्ट आठवली. खूप वर्षांपूर्वी एका मशिदीच्या माडीवर नमाजासाठी सफांच्या रेघा मारायच्या होत्या. आणलेला कुतुबनुमा एका कोपऱ्यात एक दिशा दाखवी, दुसऱ्यात दुसरी. लोक वाद घालू लागले. अब्बांनी यंत्र उचलून बाहेर मोकळ्या मैदानात नेले. तिथे ते गप्प एका दिशेला स्थिर झाले. खोट यंत्रात नव्हती, माडीच्या लोखंडी तुळईत होती.

आमच्याकडे किबला म्हणजे सरसकट पश्चिम असे म्हणतात. हिशेब केला तर मिरजेहून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे 13-14 अंश झुकलेली येते. एवढा फरक सूर्याकडे बघून कळत नाही, त्याला यंत्र लागते. पण यंत्र कुठे उभे राहून वाचायचे, हे माणसालाच ठरवावे लागते. आमची गच्ची म्हणजे सळयांचे जाळे आणि वर टाकीचा लोखंडी सांगाडा. ड्रोन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नेला, खिशातले मोबाइल आणि किल्ल्या लांब ठेवल्या, आणि पहिल्याच फेरीत होकायंत्र जुळले.

उरले ईएससी जुळवणे. हे करताना पंखे काढून ठेवायचे, हा नियम पोराने कटाक्षाने पाळला. दहा इंची पंखा बोट कापून काढू शकतो. थ्रॉटलची कांडी पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची, बोर्डाचे दिवे आळीपाळीने लागले की बॅटरी काढून पुन्हा जोडायची. मोटारी 'टूं टूं' करतात, मग कांडी खाली आणायची की एक लांब सूर निघतो. मोटारीत भोंगा नसतो, वाइंडिंगलाच थरथरवून हा आवाज काढलेला असतो. चारी मोटारींनी सूर दिला. पण पंखे लावून गच्चीवर उडवू पाहिले तर ड्रोन पुढच्या डाव्या हाताकडे कलंडला. पोराने रिमोटचे ट्रिम उलट बाजूला सरकवले. पुन्हा कलंडला. पुन्हा सपाटी नोंदवली, ईएससी जुळवले, ट्रिम आणखी सरकवले. दोन दिवस हेच चालले. आम्हीही त्याला हेच सांगत होतो की जुळवणीत कुठेतरी चुकतोस.

तिसऱ्या दिवशी अब्बा पाटाशी येऊन बसले. "पंखे निकाल. एक-एक घुमा के सुना."

पोराने एकेक मोटार चालवली. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. पुढच्या डाव्या मोटारीशी त्यांनी हात वर केला. "ये सूर में नै. इसके गले में कुछ अटक्या है."

मोटार उघडली. सांगाड्याला ती बसवणारा एक स्क्रू दोन-तीन मिलिमीटर लांब होता. तो वर जाऊन तांब्याच्या वेढ्यांत टेकला होता, तारेवरचा लेप खरवडला गेला होता आणि वेढे एकमेकांना मिळाले होते. मोटार हाताला गरम लागत होती. वाइंडिंग हे ज्याचे रोजचे पोट, त्या धाकट्यालाही दोन दिवस हे सुचले नव्हते. तो खाली मान घालून म्हणाला, "हिला वॉर्निश लावून भागायचं नाही. वरून पडली तर कुणाच्या डोक्यात पडेल. नवीनच घ्या." नवी मोटार आणली, आखूड स्क्रू लावले. ती उलटी फिरली, तेव्हा तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. ईएससी पुन्हा जुळवले आणि सरकवलेले सगळे ट्रिम मध्यावर आणले.

अब्बा पोराला म्हणाले, "बेटा, घोडी की जवारी बिगडी होय तो खुंटी पिळके क्या फायदा? तार तुटेगी, सूर नै आएगा."

हे वाक्य आमच्या मनात राहिले, कारण त्याच आठवड्यात घरात दुसराच वाद चालू होता. ड्रोन उडवायचा कुठे आणि कुणाला सांगून?

कायद्याची बाजू पोराने नीट वाचली होती. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंतचा ड्रोन 'सूक्ष्म' गटात येतो. आमचा सव्वा किलोच्या आसपासचा. 2022 च्या दुरुस्तीनुसार एवढा ड्रोन हौसेसाठी उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नकाशावरचा हिरवा विभाग पाहायचा, 400 फुटांच्या वर जायचे नाही. पोराने क्रमांक घेतला, सांगाड्यावर चिकटवला. त्याच्या मते विषय संपला होता.

आमच्या मते संपला नव्हता. 2009 च्या सप्टेंबरात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या रात्री आम्ही दोघांनी दाराला आडणा लावून काढल्या. पोरगा तेव्हा पाळण्यात होता. गल्लीतला एक वडीलधारा आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "हे असलं आपल्या पोरांच्या हातात कशाला? आभाळात काय दिसलं तर आधी कुणाचं नाव येईल?" आम्ही त्याला उत्तर दिले नाही, कारण तीच भीती आमच्याही पोटात होती.

म्हणून आम्ही ठरवले की आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचे. नियमांत असे लिहिलेले आम्हांला दिसले नाही, पण सणावाराला, बंदोबस्ताला ड्रोनवर स्थानिक बंदी असते, ती विचारून घेणे बरे. पोरगा उसळला. "माझ्या वर्गातली पोरं उडवतात, त्यांचे वडील जातात का विचारायला? मी क्रमांक घेतलाय. मग तुम्ही कायद्यासाठी जाताय की भीतीसाठी?"

आम्ही दोघेही गप्प झालो. कायदा पाळणे वेगळे आणि भीती पाळणे वेगळे. इतकी वर्षे आम्ही दुसऱ्याला पहिल्याचे नाव देत आलो होतो. कुठे बोलणे मऊ केले, कुठे नाव अर्धे सांगितले, कुठे सोसायटीत जागा नाही म्हटल्यावर निमूट परत आलो. प्रत्येक वेळी वाटले की आपणच आणखी थोडे जुळवून घ्यायला हवे. म्हणजे ट्रिमच सरकवत राहिलो. स्क्रू कुठे टोचतो आहे, हे कधी उघडून पाहिले नाही. आणि तो प्रत्येक वेळी समोरच्याच्याच बाजूला असतो असेही नाही. गल्लीतले जे वाक्य आम्ही ऐकून घेतले, तोही एक लांब स्क्रूच होता, आणि तो आमच्याच माणसाने आमच्याच पोराच्या अंगात पिळला होता.

शेवटी गेलो, पण पोराला घेऊन गेलो, आणि बोलला तोच. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने क्रमांक पाहिला, त्या आठवड्यात बंदी नसल्याचे सांगितले आणि विचारले, "बॅटरी किती वेळ चालते?" पोराने सांगितले, "आठ-दहा मिनिटं, साहेब." एवढेच झाले. आम्ही चार रात्री जागून ज्याची तयारी केली होती, ते बोलणे पाच मिनिटांत संपले. नेहमी असेच होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी झाले, ते लिहून ठेवले पाहिजे.

उडवण्याआधी एक परीक्षा बाकी होती. रिमोटशी संपर्क तुटला तर काय? पंखे काढून पोराने रिमोट मुद्दाम बंद केला. बोर्डाने ते ओळखले आणि पडद्यावर घरी परतण्याचा आदेश उमटला. अशा वेळी ड्रोन ठरलेल्या उंचीपर्यंत चढतो, निघाल्या जागेवर येतो आणि उतरतो. मात्र ती जागा त्याला आधी ठाऊक असावी लागते. उपग्रह सापडून मोटारी सज्ज होतात, त्या क्षणी 'घर' नोंदवले जाते. घाईने उडवला तर परतायचे कुठे, हे त्याला कळत नाही. पोरगा डिप्लोमा संपला की पुण्याला जाणार आहे. त्याच्या आईने हे सगळे लक्ष देऊन ऐकले आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

धाकट्याच्या एका मराठा मित्राचा ऊस तुटून गेला होता. त्याच रानात एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. अब्बांना खुर्ची नेली होती. मित्राचा बाप, त्याची नातवंडे, बांधावरची चार माणसे, सगळे जमले. पोराने डावी कांडी खाली उजव्या कोपऱ्यात पाच सेकंद धरली, मोटारी सज्ज झाल्या. मग हळूच वर. ड्रोन सरळ उचलला आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर थांबला. कुठेच कलंडला नाही. मित्राचा बाप टाळी वाजवून म्हणाला, "अब्बास्नी दिसतंय का?"

अब्बांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते. चारी मोटारी एकाच सुरात होत्या.

तो लांब स्क्रू पोरगा फेकून देत होता. अब्बांनी तो मागून घेतला. सतारीच्या खुंट्यांच्या डबीत तो अजून आहे.