शेवटचं कोण पाहून आलं?

किल्ल्यावरच्या टाक्यात पाणी आहे, एवढं सांगून भागत नाही. कुणी पाहिलं आणि कोणत्या महिन्यात पाहिलं, हेही सांगावं लागतं. कार्तिकात काठोकाठ भरलेलं टाकं चैत्रात तळाला गेलेलं असू शकतं. वेबसाइटवरच्या ‘पाणी आहे’ या दोन शब्दांवर विसंबून एकच बाटली घेऊन निघालेला माणूस मग भर उन्हात कोरड्या टाक्यापाशी उभा राहतो. तळवड्यातल्या आमच्या डोंगरभटक्यांच्या मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. काम हौसेचं आहे, त्याचा मोबदला कुणालाच मिळत नाही. पण कुणीतरी आपल्या शब्दावर घराबाहेर पडणार आहे, ही जाणीव एकदा झाली की हौसेच्या कामालाही जबाबदारीचं वजन येतं.

आमचे सभासद तळवड्याच्या आयटी पार्कातले आहेत, तसेच भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणारेही आहेत. कुणी लातूरचा, कुणी जळगावची, कुणी चंद्रपूरचा. बालपणी त्यांनी सह्याद्री पाहिलेला नाही, नोकरीनं तो त्यांच्या दाराशी आणला. या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून आमचे ट्रेक रविवारी निघतात तसे गुरुवारीही निघतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसलेला मुलगा मोबाइलवर आमची साइट उघडतो, तेव्हा त्याला एवढंच हवं असतं : पुढचा ट्रेक कधी, कुठे भेटायचं, सोबत काय घ्यायचं. ही उत्तरं पहिल्याच पानावर, सगळ्यात वर असतात. मंडळाचा इतिहास आणि वर्धापनदिनाचे फोटो आत ठेवले आहेत. फोटोही हलके करूनच चढवतो, कारण घाटात रेंजची एखादीच काडी असते आणि पान तेवढ्यात उघडायला हवं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप असताना साइट कशाला, असं नवे कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘बस दहा मिनिटं उशिरा येतेय’ हा निरोप ग्रुपवरच हवा. पण तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी तिकोन्याच्या वाटेबद्दल लिहिलेला नेमका मजकूर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात सापडत नाही. जे आज सांगून उद्या विसरायचं ते ग्रुपवर, आणि जे पुढच्या वर्षी येणाऱ्या अनोळखी सभासदालाही लागणार आहे ते साइटवर, अशी वाटणी आम्ही केली आहे.

मराठीत या कामाची एक चांगली परंपरा आहे. डोंबिवलीच्या ‘ट्रेकक्षितिज’ संस्थेनं आपल्या संकेतस्थळावर किल्ल्यांची माहिती ठरावीक मथळ्यांखाली मांडली : पाहण्याची ठिकाणं, पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, जाण्यासाठी लागणारा वेळ. महाराष्ट्रातल्या किती भटक्यांनी पहिला किल्ला या मथळ्यांच्या आधारानं केला असेल, याची गणती नाही. या मांडणीतली शिस्त मला फार मोलाची वाटते. लिहिणारा बदलला तरी मथळा बदलत नाही, आणि वाचणाऱ्याला हवं ते हव्या त्या जागी मिळतं.

हेच मथळे घेऊन काम करताना एक गोष्ट लक्षात येत गेली. प्रत्येक मथळ्याखालच्या माहितीचं आयुष्य वेगळं असतं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, ती एकदा नीट लिहिली की पुन्हा पाहायला नको. लोहगडाचा इतिहासही सहसा बदलत नाही. वाट मात्र दर पावसाळ्यात बदलू शकते. दरड येते, घसारा वाढतो, दगडावर रंगवलेले बाण पुसट होतात, मळलेली वाट गवतात हरवते. पाणी ऋतूगणिक बदलतं. पायथ्याच्या गावात जेवण करून देणाऱ्या घराचा फोन नंबर तर कधीही बदलतो. म्हणून आम्ही पानांचे थर केले. कायमची माहिती एका भागात, दरवर्षी तपासायची दुसऱ्या भागात, आणि निघण्याआधी खात्री करायची ती तिसऱ्यात. या तिसऱ्या भागात कमीत कमी मजकूर ठेवायचा. जे आपल्या हातून ताजं राहणार नाही, ते लिहायच्या फंदात पडायचं नाही.

रेल्वेचं वेळापत्रक हे त्याचं उत्तम उदाहरण. लोहगड, विसापूर, भाजे लेणी यांसाठी आम्ही आकुर्डी किंवा देहूरोडहून लोणावळा लोकल पकडतो आणि मळवलीला उतरतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाल्या, आणि ठिकठिकाणच्या साइटवर लिहून ठेवलेली वेळापत्रकं एका दिवसात निरुपयोगी झाली. पुढे गाड्या सुरू झाल्या, त्याही हळूहळू आणि बदललेल्या वेळांनी. आमच्या पानावर आता गाड्यांच्या वेळा नाहीत. कोणत्या स्टेशनवर उतरायचं, तिथून किती चालायचं आणि चालू वेळापत्रक रेल्वेच्या कोणत्या अधिकृत ठिकाणी पाहायचं, एवढंच आहे. पान आखूड झालं आणि भरवशाचं झालं.

पावसाळ्यात या कामाची खरी कसोटी लागते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. हीच इंद्रायणी पुढे देहूवरून आमच्या तळवड्याच्या शिवेला येते, त्यामुळे ती बातमी आम्हाला दूरची नव्हती. अशा घटनांनंतर प्रशासनाचे मनाईचे आदेश निघतात. त्यांत ठिकाणं नेमून दिलेली असतात आणि मुदतही असते. साइटवर नुसतं ‘बंद आहे’ लिहिलं आणि ते दिवाळीनंतरही तसंच राहिलं, तर सभासद पुढच्या वर्षीची खरी मनाईही मनावर घेत नाहीत. म्हणून मनाई लिहिताना आदेशाची तारीख आणि मुदत दोन्ही लिहायच्या, आणि मुदत संपण्याच्या दिवशी ते पान पुन्हा उघडायचं.

काही पानं उघडताना हात जड होतो. इर्शाळगडाला जाणाऱ्या भटक्यांना इर्शाळवाडी ठाऊक होती. वाट वाडीतूनच वर जायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून वाडी ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतरही इंटरनेटवर ठिकठिकाणी ‘वाडीत चहा-नाश्त्याची सोय होते’ अशी वाक्यं तशीच होती. कुणी जाणूनबुजून ठेवली नव्हती, पण वाडीतल्या लोकांच्या वाट्याला आलेल्या आघातानंतर ती वाक्यं तिथे असणं मला सहन होत नाही. आम्ही जुना मजकूर काढला, पण पान ठेवलं. तिथे काय घडलं आणि कधी घडलं, हे लिहिलं. पान नाहीसं केलं असतं, तर शोधणाऱ्याला दुसरीकडची शिळी माहिती सापडली असती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलं होतं की चांगल्या वेबपानाचा पत्ता बदलू नये. डोंगरवाटांच्या बाबतीत ते मला अक्षरशः पटतं. पत्ता तोच, मजकूर आजचा.

हे सगळं एका माणसाच्या उत्साहावर चालत नाही, चालवूही नये. ट्रेकचा लीडर घरी परतला की झोपण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं पाठवतो : वाट कुठे बदलली, पाणी कुठे होतं, जेवण-मुक्कामाचं काय झालं, कुठे शुल्क किंवा परवानगी लागली, आणि धोक्याची नवी जागा कोणती. थकलेला माणूस लांब वृत्तांत लिहीत नाही, पण पाच ओळी लिहितो. त्या ओळी पानावर चढतात आणि तळाशी पाहून आलेल्याचं नाव नि तारीख पडते. नाव पाहिलं की सभासद त्याला फोन करतो, दोघांची ओळख होते, आणि साइटमुळे मंडळ घट्ट होतं. गावातल्या माणसाचा नंबर मात्र त्याला विचारल्याखेरीज कधीच टाकायचा नाही, आणि दरवर्षी पुन्हा विचारायचं.

डोमेन आणि होस्टिंग मंडळाच्या ईमेलवर असावं, कुणा एकाच्या खासगी खात्यावर नको. पासवर्ड किमान दोघांकडे हवा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात माणसं बदली होऊन एका महिन्यात चेन्नईला नाही तर साणंदला जातात. गेलेल्या माणसाबरोबर साइटची किल्ली जाऊ नये. दरवर्षी एका नव्या सभासदाला शेजारी बसवून मी एक पान त्याच्या हातून दुरुस्त करून घेतो. मजकूर त्याचा, नाव त्याचं. त्यानंतर तो साइटला ‘आपली’ म्हणतो.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, आणि आमचा लोहगड त्यांत आहे. आता तिथे नवी माणसं येतील, नवे नियम येतील, गर्दीच्या वेळा बदलतील. गौरवाची बातमी लावणं सोपं आहे. पायऱ्यांवर आज काय परिस्थिती आहे हे सांगणं कष्टाचं आहे, आणि ते मोठमोठ्या पर्यटन संस्थांपेक्षा दर महिन्याला तिथे जाणाऱ्या लहान मंडळांनाच जमणार आहे. आपल्याकडे पैसा नाही, वेळ थोडा आहे, पण ताज्या पावलांची माहिती फक्त आपल्याकडे आहे.

म्हणून ज्या मंडळांच्या साइट पडून आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवं डिझाइन करायला बसू नका. पाऊस ओसरला की एकच किल्ला निवडा, जाऊन या, त्या पानावरचं जे खोटं झालं ते काढा, पाहून आलेल्याचं नाव आणि तारीख लिहा. मग दुसरा किल्ला घ्या.