कोरम

१३ ऑगस्ट २०२३, रविवार

सकाळी दवंडी झाली. उद्या दुपारी महिलांची ग्रामसभा, परवा झेंडा झाल्यावर मोठी ग्रामसभा. मोठी म्हणजे बाप्यांची, असंच आमच्या गावात धरून चालतात. खरं तर मोठी सगळ्यांचीच; बायांनी तिच्याआधी वेगळं बसायचं ते आपलं म्हणणं घेऊन तिथं जायला. अधिक महिना सरत आला, पावसाचा पत्ता नाही. मुगानं माना टाकल्यात.

१४ ऑगस्ट, सोमवार

आम्ही तेवीस जणी जमलो. जानेवारीत सभा झालीच नव्हती, नुसतं रजिस्टर घरोघर फिरलं होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "वहिनी, इथं एक सही ठोका," आणि मीही तव्यावर भाकरी टाकून पिठाच्या हातानंच ठोकली. आज ते पान उघडलं तर सहीशेजारी बोटाचा पांढरा डाग तसाच. सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

विषय एकच घेतला, पाणी. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतले, म्हणजे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे असतात. ते कुठं गेले हे विचारलं. उत्तर मिळालं, तेही कागदावर. मग ठराव मांडला : विहिरींचं पाणी मोजावं आणि कांद्याच्या लागणीआधी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत ठेवावा. ग्रामसेवक म्हणाले, "ताई, हा ऐनवेळचा विषय होतो." म्हटलं, होऊ द्या, लिहा.

१५ ऑगस्ट, मंगळवार

झेंड्याला शाळेचं मैदान भरलेलं. पोरांची भाषणं झाली, जिलेबी वाटली आणि गाव पांगलं. कोरम म्हणजे मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आम्हाला १०० लागतात. मोजली तर ६१ भरली, त्यातल्या १९ बाया. सभा तहकूब. तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट नसते हे पुढाऱ्यांना पाठ आहे, त्यामुळं कुणाचा चेहरा पडला नाही. दहा माणसं बसतील आणि वर्षाचं उरकून टाकतील.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "झाली का गं सभा?"

"नाही. तहकूब."

"मग जिलेबी तरी आणायचीस."

२७ ऑगस्ट, रविवार

बचत गटाच्या बाया टेम्पो करून हिवरे बाजारला जाऊन आलो. आमच्या पारनेर तालुक्याला लागूनच गाव, पाऊसही आमच्याएवढाच, चांगल्या वर्षी चारशे मिलिमीटरच्या आसपास. तरी पोपटराव पवारांचा फोटो सोडला तर इतकी वर्षं आम्ही काहीच बघितलं नव्हतं. ते १९८९ मध्ये सरपंच झाले. त्याआधी सरकारी नोकराला शिक्षा म्हणून या गावात धाडायचे, असं सांगतात. आता तिथं ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाऊस संपला की पाणी मोजायचं आणि रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं.

एक हिशोब मी वहीत उतरवून घेतला. हेक्टरभर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. म्हणजे लहान टँकर भरून. ते ऐकून आमची एक जण म्हणाली, "मग आपण टँकर वाहू देतो आणि पुन्हा टँकरच मागतो."

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तीसेक वर्षं बिनविरोध असलेल्या त्या गावात जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक लागली. पवारांच्या पॅनेलनं सगळ्या जागा जिंकल्या. लोक हळहळून सांगतात, 'लागायला नको होती.' मला उलटं वाटतं. आमच्याकडंही एकदा बिनविरोध झालं होतं. चौघांनी एका ओट्यावर बसून जागा वाटून घेतल्या, आमच्या बोटाला शाई लागली नाही, एवढंच.

१० सप्टेंबर, रविवार

मोजणी. सुताची दोरी, टोकाला दगड, परसापरसावर गाठ. अकरा विहिरी केल्या. दगड तळाला टेकला की दोरी सैल पडते. ते हाताला कळतं, डोळ्याला नाही. मग वर ओढून ओली दोरी मोजायची. गावविहिरीत पाणी दीड परस. एका भाऊजींनी विहिरीवर येऊच दिलं नाही. "आज पाणी मोजता, उद्या मोटारी मोजाल." चुकीचं बोलले नाहीत. तोच विचार होता.

२ ऑक्टोबर, सोमवार

पितृपाट चालू, दोन घरी म्हाळ. वाटलं आजच्या ग्रामसभेला माणसं येत नाहीत. मग दोघी-दोघींनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि दारात उभं राहून बाया उठवल्या. हजेरी १०४, पैकी ५८ बाया. सह्या तिथं बसून. रजिस्टर हललं नाही.

अकरा विहिरींचे आकडे मी वाचले. आवाज कापत होता. नव्या बोअरला बंदी घालायची म्हटल्यावर गलका झाला. आमच्यातल्याच दोघी गप्प बसल्या, त्यांच्या घरी बोअरची गाडी सांगून ठेवलेली. बंदीचा ठराव पडला. दर महिन्याला पातळी मोजून शाळेच्या भिंतीवर लिहायची, हे तेवढं मंजूर झालं.

उठायच्या आधी मी म्हटलं, प्रोसिडिंग वाचून दाखवा. लिहिलं होतं, 'पाण्याबाबत सविस्तर चर्चा झाली.' ते खोडून घेतलं, ठराव शब्दाशब्दानं लिहून घेतला, खाडाखोडीवर ग्रामसेवकांची सही घेतली. तोवर बाप्ये निघून गेले होते. बाया थांबल्या, घरी स्वयंपाक पडलेला असूनही.

पुढची मोजणी १ नोव्हेंबरला. दोरी आमच्या परड्यात बांधली आहे, आत्याबाई तिच्यावर लुगडी वाळत घालतात.