माळ्यावरचा पुरावा

वाशीतली आमची सिडकोची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा घर आठ दिवसांत रिकामं करायचं होतं. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जुन्या बोलपटांच्या गाण्यांची पुस्तकं आणि पिवळी पडलेली हस्तपत्रकं होती. कागदांना कसर लागलेली दिसली, म्हणून मीच ती सगळी रद्दीत घातली. काय घालवलं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही एका विलायती मूकपटामुळे.

‘द साइन ऑफ फोर’ हा तो मूकपट, १९२३ सालचा. लंडनच्या स्टोल कंपनीचा. दिग्दर्शक मॉरिस एल्वी, शेरलॉक होम्सच्या भूमिकेत एली नॉरवुड. याच जोडीने १९२१ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ केला होता, त्याच्यामागून आलेला हा होम्सचा दुसरा मोठा चित्रपट. नॉरवुडने होम्स एकूण ४७ चित्रपटांत रंगवला, त्यांतले ४५ लघुपट. कॉनन डॉइलना नॉरवुड मनापासून आवडला होता. त्यांची तक्रार एवढीच, की आपल्या व्हिक्टोरियन होम्सच्या हाती या मंडळींनी टेलिफोन आणि मोटारी दिल्या.

टेम्स नदीवरचा बोटींचा पाठलाग मी पुनःपुन्हा पाहिला. आता खाडीपुलावरून जाताना भरतीच्या पाण्यात एखादी होडी दिसली, की तो आठवतो. पण ही गोष्ट टेम्सवर सुरू होत नाही. १८९० सालच्या मूळ कादंबरीत तिचं मूळ १८५७ च्या आग्रा किल्ल्यात आहे. तिथे खून होतो, खजिना लपवला जातो आणि गुन्हेगार काळ्या पाण्यावर जातात. डॉइलनी कटातल्या तिघांना शीख म्हटलं आणि नावं दिली महोमेट सिंग, अब्दुल्ला खान, दोस्त अकबर! अंदमानच्या आदिवासीला तर त्यांनी नरभक्षक राक्षसच केलं. खरं पाहता १८५८ मध्ये तिथे कैद्यांची वसाहत झाली आणि बाहेरून आलेल्या रोगांनी त्या लोकांच्याच जमातीच्या जमाती संपत आल्या. हा अन्याय आज आपण बोट ठेवून दाखवू शकतो, कारण कादंबरी समोर आहे आणि चित्रपटही.

त्याच १९२३ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनीही कादंबरीवरूनच चित्रपट काढला. ‘सिंहगड’. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वर आधारलेला. शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. आजोबांनी तो आठ वर्षांचे असताना पाहिला होता. म्हातारपणीही शेलारमामाचं वर्णन करताना त्यांचा हात आपोआप मिशीकडे जाई. आज ‘सिंहगड’ पाहायला मिळत नाही. पेंटर यांचाच १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ही नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले ते काही डझन, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते, नाहीतर पडून पडून तिचा भुगा होतो. कित्येक रिळं तर चांदी काढण्यासाठी विकली गेली.

ब्रिटनमध्ये मूळ निगेटिव्ह जपल्या गेल्या. म्हणून २०२४ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटला नॉरवुडचे तीन लघुपट दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणता आले. आपल्याकडे पी. के. नायर यांनी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी गावोगाव फिरून रिळं गोळा केली. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो, तो अशा जपणुकीमुळेच.

होम्स कितीही हुशार असला, तरी त्याला राखेचा कण लागतो, चिखलातलं पाऊल लागतं. पुरावाच उरला नाही तर त्याचीही बुद्धी चालायची नाही. ‘सिंहगड’ चांगला होता की भाबडा, हे मी आता कशावरून ठरवू? माझ्यापाशी फक्त आजोबांचा मिशीकडे जाणारा हात उरला आहे, आणि तोही माझ्याबरोबर जाईल.

नवी मुंबईतल्या जुन्या इमारती आता एकामागून एक रिकाम्या होत आहेत. तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. तिच्यात हस्तपत्रक, गाण्याचं पुस्तक, रिळाचा तुकडा, काहीही सापडलं, तर रद्दीवाल्याला हाक मारू नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर ते संग्रहालय आहे. आधी तिथे विचारा.